एक हत्तीला, एक झाडाला

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, शेवटी जातीवरच गेलं सगळं." मग कुठल्या गल्लीत कोणाची किती घरं, कोणाची सासुरवाडी कुठली, याची उजळणी सुरू. मराठा एवढे, माळी एवढे, बौद्ध एवढे, मुसलमान एवढे, 'बाहेरून आलेले' एवढे. बोटांवर बेरीज होते, चहा होतो, मंडळी पांगतात.

मी ऐकून घेतो. लोक आपला माणूस पाहून मत देतात हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. माझी कुरबुर वेगळी आहे. या बेरजेत मत टाकायची रीत कुणी धरतच नाही. माणसाच्या हातात एक मत होतं की चार? चारही एकालाच देता येत होती का? वॉर्ड वीस हजारांचा होता की पाऊण लाखाचा? हे बदललं की गल्ल्या त्याच, घरं तीच, रुसवेफुगवेही तेच, आणि निकाल मात्र भलताच. पुस्तकात वाचायच्या आधी हे मी घरात ऐकलं होतं.

माझं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. आजोबा गिरणीत साच्यावर होते. निवडणुकीचा विषय निघाला की त्यांची गाडी १९५२ वर आल्याशिवाय राहायची नाही. मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा मतदारसंघ तेव्हा दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. देशात असे दुहेरी मतदारसंघ एकदोन नव्हे, ८६ होते. उत्तर बंगालमध्ये तर एक तिहेरीही होता.

मतदाराला दोन कागद मिळत. शिक्का-बिक्का काही मारायचा नसे. पडद्याआड उमेदवारांच्या पेट्या रांगेने मांडलेल्या, प्रत्येक पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. बैलजोडी काँग्रेसची, झाड समाजवाद्यांचं, कणीस-विळा कम्युनिस्टांचा, हत्ती शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा. कागद ज्या पेटीत टाकाल त्याला मत. बाबासाहेब हत्तीवर उभे, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता झाडावर, आणि दोघांच्या पक्षांची युती. आजोबा सांगायचे, आदल्या रात्री चाळीच्या जिन्यात कार्यकर्ते एकेकाला पाठ करून घेत होते: "एक हत्तीला, एक झाडाला. एक हत्तीला, एक झाडाला." आजीला म्हणे झोपेतही तेच.

आता यातली गोम. राखीव जागेवर अनुसूचित जातीच्या उमेदवारांपैकी ज्याला जास्त मतं तो येणार. पण त्याला मत द्यायचा हक्क मतदारसंघातल्या प्रत्येकाला. आणि तुमची दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची, दोन्ही एकालाच दिलीत तर त्यातलं एक बाद. हत्तीच्या पेटीत दोन्ही कागद टाकले तरी बाबासाहेबांच्या खात्यात एकच जमा होणार. म्हणजे वस्तीतला माणूस कितीही जीव तोडून मत देवो, त्याचा जोर एकाचाच. उरलेलं यश कोणाच्या हातात? तर झाडाच्या पेटीत पहिला कागद टाकणाऱ्या दादर-माटुंग्याच्या समाजवादी मतदाराच्या दुसऱ्या कागदाच्या. तो हत्तीकडे वळतो की नाही, सगळा खेळ त्यावर.

पुरेसा वळला नाही. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा.

त्यात मतं कुजवण्याचं प्रकरण झालं. कम्युनिस्टांकडून डांगे उभे होते. दोन्ही कागद आमच्याच पेटीत टाका, दुसरं कुजवा, पण ते आंबेडकरांना जाऊ देऊ नका, असा प्रचार झाल्याचा बाबासाहेबांचा आणि मेहतांचा आरोप होता. बाद मतांचा आकडा सत्तर हजारांच्या वर गेला. दोघांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली, ती फेटाळली गेली. आजोबांचा डांग्यांवरचा राग मरेपर्यंत गेला नाही. खरी गंमत अशी की संपाच्या वेळी ते लाल बावट्याच्याच मागे जायचे. गिरणीच्या फाटकावर कामगार आणि चाळीच्या जिन्यात बाबासाहेबांचा माणूस, दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदत होते. १९५२ साली त्या दोघांत निवड करायची वेळ आली.

आता पंधरा वर्षं मागे जाऊ. १९३७, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक. भाग भायखळा-परळचा, म्हणजे गिरणगावच. उमेदवार तेच, बाबासाहेब, स्वतंत्र मजूर पक्षाकडून. समोर काँग्रेसने उभे केले पळवणकर बाळू, चेंडूफळीच्या मैदानावर गोऱ्यांची दांडी उडवणारे, अख्ख्या मुंबईचे लाडके, आणि तेही चर्मकार समाजातले. बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. मतदानाचा हक्क तेव्हा सरसकट नव्हता, शिक्षण-भाडं-कर अशा अटी होत्या, हे धरूनही हा निकाल नीट पाहण्यासारखा आहे. कारण मुंबई प्रांतात तेव्हा जास्त जागांच्या मतदारसंघात एकत्रित मतदानाची मुभा होती. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती हवी तर सगळी एकाच उमेदवाराच्या झोळीत. बाबासाहेब या पद्धतीच्या बाजूचे होते, आणि का होते हे उघड आहे. संख्येने थोडे पण एकजीव असलेल्या लोकांना आपली सगळी मतं एका जागी रचता येतात, बाकीच्यांची इकडेतिकडे सांडतात. स्वतंत्र मजूर पक्षाचे सतरा उमेदवार होते, त्यातले बहुतेक निवडून आले.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही मुभा काढून घेतली. एका उमेदवाराला एकच मत. वरवर पाहता काय फरक पडला? दोन मतं तर आहेतच की! पण थोड्यांच्या हातातलं जे एक हत्यार होतं ते गेलं. नेता तोच, मुंबई तीच, मतदार तर उलट प्रौढ मताधिकाराने कित्येक पटींनी वाढलेला, आणि तरी हार. यात काँग्रेसची लाट होतीच, नेहरू होतेच, कोण नाही म्हणतो. पण लाटेने सगळं समजावता येत नाही.

कारण त्याच १९५२ साली बाबासाहेब संसदेत गेलेच. राज्यसभेत, मुंबई राज्यातून. राज्यसभेला आमदार पसंतीक्रमाने मतं देतात, पहिली पसंती, दुसरी पसंती. ठरावीक कोटा भरला की माणूस निवडून येतो, त्याला बहुमत लागत नाही. थोड्यांचे थोडे प्रतिनिधी यावेत यासाठीच ती रीत आहे. एकाच वर्षात एकाच माणसाला एका रीतीने बाहेर ठेवलं आणि दुसरीने आत घेतलं. शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राज्यसभेचं प्रकरण होतं, प्रमाणशीर प्रतिनिधित्व हा शब्दही होता, पण ही गोष्ट नव्हती. असती तर तो धडा माझ्या लक्षात राहिला असता.

१९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक, पुन्हा दुहेरी मतदारसंघ, पुन्हा जोडीला अशोक मेहता. इथली एक गोष्ट आमच्याकडे कानोकानी आली आहे. कार्यकर्ते म्हणाले, बाबासाहेब, आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, मुंबईत आपल्याला जे केलं तेच. ते नाही म्हणाले. मी घटना लिहिली, मी मत वाया घालवायला सांगणार नाही. निकाल: मेहता आले, बाबासाहेब आठेक हजारांनी पडले, राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना. वस्तीची दुसरी मतं मेहतांकडे इमानेइतबारे गेली, मेहतांची हत्तीकडे तेवढी आली नाहीत. युती कागदावर दोन्ही बाजूंनी असते, पेटीत ती बहुतेक वेळा एकाच दिशेने वाहते. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही, कुठल्याही आघाडीच्या दुय्यम पक्षाला विचारा.

याच दुहेरी मतदारसंघांनी एकदा उलटा दणका दिला आणि मगच दिल्लीला जाग आली. १९५७, आंध्रातलं पार्वतीपुरम, एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जमातींसाठी. सर्वसाधारण जागेवर व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले तेच. मतं मोजली तर पहिले दोन्ही उमेदवार आदिवासी निघाले! राखीव जागा एकाला, आणि सर्वसाधारण जागाही दुसऱ्याला, कारण त्याला गिरींपेक्षा पाचसहाशे मतं जास्त. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९५९ साली सांगितलं, सर्वसाधारण जागा म्हणजे बिगर-आदिवासींची राखीव जागा नव्हे, ज्याला जास्त मतं तो येणार. निकाल चोख. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६१ ला कायदा करून दुहेरी मतदारसंघ मोडीत काढले. भंडाऱ्याने जे झालं नाही ते पार्वतीपुरमने झालं, एवढंच नोंदवून पुढे जातो.

पुढे नोकरीने मला पुण्यात आणलं आणि आता मी येरवड्याला राहतो. ज्या कारागृहात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, त्याच्या भिंतीवरून माझी संध्याकाळची फेरी जाते. करार म्हटला की उपोषण आठवतं, राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या हे आठवतं. त्यातलं एक कलम मात्र विसरलं गेलंय. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांचं पॅनेल निवडायचं, आणि त्या चौघांतून एकाला सगळ्यांनी मिळून निवडायचं. म्हणजे निदान उमेदवार कोण, हे ठरवण्यात वस्तीचा हात. दहा वर्षांची मुदत होती. घटनेत ते आलं नाही. बाबासाहेबांची तक्रार तर अशी होती की प्राथमिक फेरीत आपल्या लोकांनी वर काढलेला माणूस अंतिम फेरीत पडतो. बरोबरच आहे. शेवटचा शब्द मोठ्या संख्येचा.

'पॅनेल' आणि 'चार' हे दोन्ही शब्द पुण्याच्या मतदाराला आज नव्याने पाठ झालेत, फक्त अर्थ फिरला. महापालिकेचा प्रभाग. २००२ ला तीन नगरसेवकांचा, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मध्ये महाविकास आघाडीने तीनचा ठरवला, सरकार बदललं, पुन्हा चारचा. जानेवारी २०२६ ला मतदान झालं तेही चारच्याच प्रभागात. मुंबईत मात्र या सगळ्या काळात एकाचा वॉर्ड. ज्याचं सरकार त्याची प्रभागरचना, हे इतकं उघड्यावर चालतं की त्याची बातमीसुद्धा आतल्या पानावर जाते.

२०१७ ला मी मतदान अधिकारी होतो. शाळेची खोली, चिमुकली बाकं भिंतीला सरकवलेली, मागे फळ्यावर सुविचार. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब फिकी गुलाबी, क फिकी पिवळी, ड फिकी निळी. यंत्रावर चारही रंगांत एकेक बटण दाबायचं, तेव्हा लांब बीप. बीप वाजली नाही तर मत पुरं नाही. सकाळपासून लोक एक-दोन बटणं दाबून बाहेर यायला लागले.

"मावशी, अजून दोन राहिली."

"मला दोघंच माहीत आहेत, बाळा."

"मग नोटा दाबा, पण दाबा."

"नोटा कोणत्या पक्षाचा?"

केंद्राध्यक्षांनी कपाळाला हात लावला. एक आजोबा तर म्हणाले, उरलेली दोन तुम्हीच टाका, तुम्ही सरकारी माणूस आहात. पडद्याआड जायची आम्हाला सोय नाही, लांबूनच समजावायचं. दुपारपर्यंत माझा घसा बसला. रांग जिन्यावरून खाली. आणि मला राहून राहून नायगावचा तो जिना आठवत होता, "एक हत्तीला, एक झाडाला."

चार मतं हातात असली की माणूस काय करतो हे मला नंतर आमच्याच इमारतीतल्या काकूंनी सांगितलं. त्या मूळच्या लातूरकडच्या, पुण्यात तीसेक वर्षं. त्यांचा हिशेब असा: एक मत 'आपल्यातल्या' बाईला. एक पक्षाला, म्हणजे मिस्टर ज्या पक्षाचे त्याला. एक मराठवाड्याच्या मुलाला, "आपल्याकडचा आहे हो". आणि चौथं ज्याने उन्हाळ्यात टँकर पाठवला होता त्याला. "सगळ्यांचं केलं, कुणाचं देणं ठेवलं नाही." मी थक्क झालो. आमच्या कट्ट्यावर काकूंची गणना एका जातीच्या रकान्यात एक मत म्हणून झाली असती. त्या तर चौघी निघाल्या.

एकच मत असलं असतं तर? तर त्यांना ठरवावं लागलं असतं की आज आपण कोण. जातीच्या, पक्षाच्या, गावाच्या की टँकरच्या. बहुतेक वेळा हे ठरवणं मतदाराच्या हातात नसतं. उमेदवारांची यादी आणि बटणांची संख्या ते ठरवून ठेवते.

यावरून कुणी म्हणेल, मग चारचा प्रभाग छानच की. काकूंपुरता छान. पण काकूंसारखी मतं वाटणारी माणसं निकालात दिसत नाहीत, कारण बहुतांश लोक चिन्ह धरून खाली खाली बटणं दाबत जातात. पाऊण लाख वस्तीच्या प्रभागात चार जागांचे पंधरा-वीस उमेदवार ओळखणार कोण? नाव ठाऊक नसलं की चिन्ह. म्हणून ज्या पक्षाची हवा त्याचं पॅनेलच्या पॅनेल आत. पुण्यात २०१२ ला दोनच्या प्रभागात मनसेचे २९ नगरसेवक आले होते, २०१७ ला चारच्या प्रभागात २. मनसे तोवर उतरणीला लागली होती हे मान्य, पण उतरण एवढी नव्हती. पुण्यात भाजपने १६२ पैकी शंभराच्या जवळ मजल मारली. त्याच दिवशी मुंबईत, एकेकाच्या वॉर्डात, शिवसेना ८४ आणि भाजप ८२, काट्याला काटा. दोन शहरं वेगळी, सेनेची ताकद वेगळी, तुलना तंतोतंत नाही. तरी मोठ्या प्रभागाने आघाडीच्या पक्षाला उचलून धरलं हे कुठल्याही पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता खासगीत कबूल करेल.

आणि वस्तीचं काय? पुण्यात २०१७ ला २२ जागा अनुसूचित जातींसाठी होत्या. ज्या प्रभागाच्या वाट्याला ती येते तिथे चारांतली एक, बहुधा अ, पांढऱ्या मतपत्रिकेची. त्या पांढऱ्या कागदावर वस्ती मत देते आणि प्रभागातल्या टोलेजंग सोसायट्याही देतात. सोसायट्यांना वस्तीतला कोण चालतो? जो कमी बोलतो, ज्याच्या फ्लेक्सवर मोठ्या नेत्याचा फोटो स्वतःपेक्षा मोठा असतो. वस्तीत रात्री-बेरात्री धावून जाणारा पोरगा अपक्ष उभा राहतो, वस्तीच्या केंद्रांवर पुढे असतो, आणि बाकीच्या खोल्यांची मतं मोजली की संपतो. छोट्या वॉर्डात तो आला असता. १९५२ चंच गणित आहे हे, नुसत्या पेट्यांच्या जागी बटणं आली. फरक इतकाच की तेव्हा मत कुजवत, आता नोटा दाबतात.

एकाच्या वॉर्डाचीही मला भुरळ नाही. एका गल्लीचा राजा, त्याचीच कमान, त्याचाच गणपती, आणि आरक्षणाच्या सोडतीत वॉर्ड महिलेसाठी गेला की राजाची बायको उभी. चारच्या प्रभागात निम्म्या जागा महिलांच्या असल्याने दोन बायका हमखास येतात, पुढच्या वेळी सोडत फिरली तरी दोन राहतात, हा फायदा खरा आहे. तरी मला विचाराल तर चार जागा ठेवा, पण मतदाराला १९३७ सारखी मोकळीक द्या. चारही मतं एकाला देऊ दे, किंवा राज्यसभेसारखे पसंतीचे आकडे टाकू दे. भाचा म्हणतो, मामा, जी मावशी चार बटणं दाबत नाही ती आकडे टाकणार? मी म्हणतो, ती भिशीचा हिशेब तोंडी ठेवते. तिला अडचण बटणांची नव्हती, तिला दोघंच माहीत होते.

यंदा केंद्रनिहाय मतांचे तक्ते हाती लागले तर एक काम करा. आपल्या केंद्रावर एकाच पक्षाच्या अ, ब, क, ड या चारही उमेदवारांची मतं शेजारी शेजारी लिहा. चारांत कोणाला सगळ्यांत कमी पडली आणि ती जागा कोणासाठी राखीव होती, ते पाहा. सोसायटीचं केंद्र आणि वस्तीचं केंद्र वेगवेगळं मांडा. मी येरवड्याचं मांडायला बसलोय. तुमच्याकडे काय निघतं ते खाली लिहा, आडनावं न लिहिता.